काळ्या मातीचा हिशेब

प्रिय मीनल,

तुझा फोटो मोठा करून नीट पाहिला. चंद्रपूरकडच्या घुग्घूसजवळ ओबीच्या, म्हणजे कोळसा खाणीतून उपसलेल्या मातीदगडांच्या, ढिगाऱ्यावर लावलेली शिसू-करंजाची झाडं आणि त्यांच्याखाली उकरलेली बोटभर काळी माती. ‘मावशी, इथे माती तयार झाली!’ हे वाचून मलाही भरून आलं. पण अहवालात ‘सेंद्रिय कर्ब वाढला’ असं लिहिण्याआधी जर्मनीतल्या लाउझित्समध्ये काय घडलं ते तुला सांगितलंच पाहिजे.

१९८० च्या दशकात पूर्व जर्मनी वर्षाला सुमारे ३० कोटी टन लिग्नाइट काढत होता, जगात सर्वांत जास्त. त्यातला मोठा वाटा लाउझित्सचा. तिथल्या ढिगाऱ्यांतल्या वाळूत पायराइट असतो. त्याला हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल बनतं आणि सामू ३ च्या आसपास, कधी त्याहूनही खाली जातो. अशा जमिनीत चुना किंवा राख मिसळून पाइन, लाल ओक लावले गेले. त्याच परिसरात श्वार्झे पुम्पे, बॉक्सबर्ग, ल्युबेनाऊ, फेत्शाऊ इथली वीजकेंद्रं राख आणि अर्धवट जळलेल्या कोळशाचे कण ओकत होती.

गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट ही, की मोकळ्या माळापेक्षा जंगलात ही धूळ जास्त साचते. पाइनच्या सुया ती हवेतून गाळून घेतात आणि पावसाबरोबर खाली सोडतात. जमीन सावरावी म्हणून लावलेलं झाडच काजळी गोळा करतं. त्या राखेत चुन्याचा अंश भरपूर होता, म्हणून वरच्या थराची आम्लता काही काळ कमीही झाली. १९९० नंतर वीजकेंद्रांच्या चिमण्यांना गाळण्या बसल्या, १९९६ मध्ये ल्युबेनाऊ आणि फेत्शाऊ बंद झाली. हवा सुधारली, तसा तो चुनाही थांबला.

पण खरी अडचण कर्बाची. प्रयोगशाळेत माती जाळून कर्ब मोजला, तर पानांचा कर्ब आणि कोळशाचा कर्ब एकाच आकड्यात येतात. डायक्रोमेटच्या नेहमीच्या पद्धतीतही कोळशाचा काही भाग मोजला जातोच. लाउझित्सच्या तरुण जंगलांत आकडे भरघोस दिसायचे. कोटबुसच्या संशोधकांनी किरणोत्सारी कर्ब, म्हणजे कार्बन-१४, मोजला, तेव्हा त्यातला मोठा वाटा कोळशाचा निघाला. मूळच्या वाळूतला लिग्नाइटही त्यात होता आणि हवेतून उतरलेलाही. कोळसा लाखो वर्षं जुना. कार्बन-१४ त्यात उरलेलाच नसतो. कालपरवाच्या पानात तो असतो. फरक तिथे कळतो.

चंद्रपूरचा कोळसा तर त्याहून कितीतरी जुना, त्यामुळे ही कसोटी आपल्याकडेही चालेल. आपल्या राखेत मात्र वाळू-चिकणमातीचाच भाग जास्त, चुना कमी; तेव्हा आम्लता घटेल या भरवशावर राहू नकोस. शिवाय तुझ्या ढिगाऱ्यावर वीजकेंद्राच्या चिमणीतल्या राखेइतकीच, कदाचित जास्तच, ट्रकांच्या रस्त्यावरून उडणारी कोळशाची भुकटी येत असणार. कर्बसाठ्याच्या नावावर वृक्षारोपणाचे दाखले दिले जातात, म्हणून हे मला फार टोचतं. कोळशाचीच धूळ जंगलाच्या खात्यावर जमा होऊ देऊ नये.

तर असं कर. पालापाचोळ्याचा थर वेगळा काढ. त्याखाली ०–५ आणि ५–१५ सेंटिमीटरचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत भर. वाळलेल्या मातीतून लोहचुंबक फिरव: राखेतले लोहाचे बारीक गोल कण चिकटतात, कोळशाची भुकटी मात्र चिकटत नाही. मोजके नमुने कार्बन-१४ साठी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरला पाठवता येतील का ते विचार. खर्चाला तुझे साहेब कुरकुरतील. मी पत्र देईन. आणि तुलनेसाठी रस्त्यापासून, चिमण्यांपासून लांब, त्याच वयाची, त्याच झाडांची लागवड शोध. वाऱ्याची दिशा पाहूनच जागा ठरव. ती सापडली की लगेच कळव, नमुन्यांचा आराखडा मी त्यावरूनच करून पाठवते.

तुझी,
मावशी