अजून तीन प्ले

"तुला एक्सेल चांगलं येतं ना?" २०२२च्या जुलैत ऑफिसमधल्या एका सीनियरने मला विचारलं. मला वाटलं, कुठल्या तरी रिपोर्टचं काम गळ्यात पडणार. पडलं ते वेगळंच. डॅलसच्या उत्तरेला, मी राहतो त्याच भागात, तो नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा कोच होता. त्याचा मुलगाही त्याच टीममध्ये. इथे शाळेबाहेरच्या अशा लीग बऱ्याचदा हौशी आईवडलांच्या जिवावर चालतात. त्याला एक मदतनीस हवा होता. खेळ आला नाही तरी चालेल, हिशेब ठेवता आला पाहिजे.

खेळ मला येत नव्हताच. टेक्सासमध्ये एमएस करताना रूममेट्सबरोबर मॅचेस पाहिल्या होत्या, तेवढंच. सांगलीतल्या मित्रांना हा खेळ सांगायचा तर मी कबड्डीपासून सुरुवात करतो. जशी एकेक चढाई, तसा इथे एकेक प्ले. पाच-सात सेकंदांची झटापट, शिट्टी, सगळे थांबतात, पुन्हा नव्याने मांडणी. चार प्लेमध्ये दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्यांकडे. मैदानात अकरा विरुद्ध अकरा. आमच्या टीममध्ये मुलं होती एकवीस.

अकरा आणि एकवीस यांच्यातला फरक सांभाळणं, हेच माझं काम. आमच्या लीगचा नियम होता की प्रत्येक मुलाला प्रत्येक मॅचमध्ये किमान दहा प्ले मिळालेच पाहिजेत. नियम नसता तर थोराड आणि चपळ अशी अकरा मुलं संपूर्ण मॅच खेळली असती आणि बाकीची दहा हेल्मेट घालून पाणी पीत बसली असती. मी शीट बनवली. प्रत्येक मुलाची एक ओळ, प्रत्येक प्लेला एक खूण, दहा झाले की ओळ हिरवी.

खरं सांगायचं तर ती शीट मी त्या मुलांइतकीच स्वतःसाठीही बनवली होती. शाळेत आमच्या क्रिकेट टीममध्ये अकरा खेळायचे, बारावा पाणी न्यायचा आणि मी स्कोअर लिहायचो. अक्षर चांगलं आणि बेरीज पक्की, म्हणून. चार वर्षं मी झाडाखाली बसून दुसऱ्यांच्या धावा लिहिल्या. एकदाही कुणी "तू येतोस का?" असं विचारलं नाही, आणि मीही कधी म्हटलं नाही. आता निदान माझ्या शीटवर तरी कुणी नुसता स्कोअरर राहणार नव्हता.

प्रॅक्टिसचं प्लॅनिंग मात्र मला वाटलं त्यापेक्षा कितीतरी अवघड निघालं. टेक्सासचा ऑगस्ट म्हणजे संध्याकाळी सहालाही ३८ अंश. सुरुवातीचे दिवस फक्त हेल्मेट, मग खांद्यांचे पॅड, मग पूर्ण किट. शरीराला उन्हाची सवय अशी टप्प्याटप्प्यानेच लावावी लागते. पाणी कधीही प्यायचं, परवानगी न मागता. हे आज साधं वाटतं, पण याच राज्यात १९५४ साली टेक्सास ए अँड एमचे कोच बेअर ब्रायंट यांनी जंक्शन नावाच्या गावात कॉलेजच्या मुलांचं शिबिर घेतलं होतं. ऐन दुष्काळात, आणि सरावात पाणी नाही. बरीच मुलं रातोरात पळून गेली. जी टिकली त्यांच्यावर पुढे पुस्तक आलं, सिनेमा आला. अनेक वर्षं ती गोष्ट कणखरपणाची गोष्ट म्हणूनच सांगितली गेली. २००१च्या १ ऑगस्टला मिनेसोटा वायकिंग्जचा कोरी स्ट्रिंगर हा धिप्पाड खेळाडू सरावात उष्माघात होऊन गेला, तेव्हा कणखरपणाच्या या हिशेबाकडे लोक जरा गंभीरपणे बघायला लागले.

नव्वद मिनिटांचे मी दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले. मुलांचे सात-सातचे तीन गट, तीन कोपरे, शिट्टी वाजली की बदली. कोचने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "रांगेत उभं राहिलेलं मूल आधी गवत उपटतं, मग शेजाऱ्याला ढकलतं." अंगाला अंग भिडवायचा सराव थोडाच ठेवायचा. पॉप वॉर्नर ही १९२९पासून चालणारी मुलांच्या फुटबॉलची जुनी संस्था. तिने २०१२ साली असा सराव एकूण वेळेच्या एक तृतीयांशावर आणला, ते आम्हीही पाळलं. डोकं वर, नजर वर, धडक खांद्याने. हे वाक्य मी त्या हंगामात इतक्या वेळा म्हटलं, की झोपेतही म्हटलं असेल.

कोच होण्याआधी डोक्याच्या दुखापतीचा एक ऑनलाइन कोर्सही केला होता. सीडीसीचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा. फुकट असतो, शेवटी सर्टिफिकेट मिळतं. त्याचं सार एका ओळीचं: शंका आली, की मुलाला बाहेर बसवा. मी प्रश्नांची उत्तरं भराभर दिली, सर्टिफिकेट डाउनलोड केलं आणि लीगला पाठवून दिलं. ऑफिसमधली कंप्लायन्स ट्रेनिंग्ज आपण जशी उरकतो, तसंच.

आमच्या टीममध्ये बावन्न नंबरचा एक मुलगा होता. त्याचं नाव इथे नको, शीटवरही तो मला आधी नंबरानेच दिसायचा. हडकुळा, हेल्मेटच्या आत चष्मा, आणि दिशेचा कायम गोंधळ. प्ले सुरू झाला की हमखास उलटीकडे पळणार, आणि सगळे हसले की स्वतःही हसणार. काहीही सांगा, उत्तर एकच, "येस सर." त्याला दहा प्ले मिळवून देणं ही दर शनिवारची माझी लढाई असायची. कोचला मॅच जिंकायची असायची आणि मला ती ओळ हिरवी करायची असायची.

सप्टेंबरच्या शेवटी मायामीच्या टुआ टागोवायलोआचं प्रकरण झालं. २५ तारखेच्या मॅचमध्ये त्याचं डोकं जमिनीवर आपटलं, उठताना तो लडखडला, तरी नंतर पुन्हा खेळला. पाठ दुखावल्यामुळे तो लडखडला, असं सांगण्यात आलं. चारच दिवसांनी पुढच्या मॅचमध्ये तो असा आदळला की त्याची बोटं वाकडी होऊन ताठली आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. प्रॅक्टिसला पालकांमध्ये तोच विषय होता. मी तावातावाने म्हणालो, "एवढे डॉक्टर, एवढे कॅमेरे, आणि कुणाला दिसलं नाही?"

ऑक्टोबरच्या मध्यावर आमची मॅच होती. तिसऱ्या क्वार्टरमध्ये बावन्न नंबर एका दांडग्या मुलाला अडवायला गेला आणि मागे पडला. हेल्मेटची मागची बाजू जमिनीवर आपटली. फार मोठा आवाज झाला नाही. तो उठला आणि समोरच्या टीमच्या बाजूला चालू लागला. सगळे हसले. मीही हसलो. हा तर नेहमीच उलटीकडे जातो.

तो बाहेर आल्यावर मी विचारलं, "बरा आहेस ना?"

"येस सर."

मी शीट पाहिली. बावन्न: सात. अजून तीन प्ले हवे होते आणि मॅच संपत आली होती. चौथ्या क्वार्टरमध्ये मी कोचकडे जाऊन हट्टाने सांगितलं, बावन्नला आत घे, नियम आहे. कोचची इच्छा नव्हती, आम्ही सहा पॉइंट्सनी मागे होतो. पण त्याने ऐकलं. आठ. नऊ. दहा. ओळ हिरवी झाली. त्या तीन प्लेंमध्ये त्याला कुणाचा धक्काही लागला नाही, हे नशीब. त्यात माझं काही कर्तृत्व नाही.

मॅच संपली, हात मिळवायला मुलं रांगेत उभी राहिली. बावन्न नंबर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "कोच, हाफटाइम झाला का?"

पोटात खड्डा पडतो म्हणतात, तो मला तेव्हा कळला.

त्याला घेऊन आलेले आजोबा त्याला लगेच डॉक्टरकडे घेऊन गेले. मेंदूला मार होता, सौम्य. आधी काही दिवस विश्रांती, मग शाळा, मग हळूहळू पळणं. हा जिना एकेक पायरीनेच चढायचा असतो, एखादी पायरी त्रास देऊ लागली तर मागे यायचं. दोनेक आठवडे त्याचं डोकं दुखत राहिलं. हंगाम तिथेच संपला.

त्या रात्री मी तो कोर्स पुन्हा उघडला आणि या वेळी सावकाश वाचला. मग वाचतच गेलो. २००६ साली वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेड नावाचा तेरा वर्षांचा मुलगा असाच पडला, थोडा वेळ बाहेर बसला, पुन्हा खेळला, आणि मॅचनंतर कोसळला. मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली. बोलणं, चालणं सगळं नव्याने शिकावं लागलं. त्याच्या नावाने २००९ साली तिथे कायदा झाला: शंका असलेल्या मुलाला बाहेर काढा, आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत घेऊ नका. २०१४पर्यंत पन्नासही राज्यांत तरुण खेळाडूंच्या अशा दुखापतींवर कायदे झाले. एका मुलाने आयुष्यभराची किंमत मोजून तयार झालेली ती ओळ मी क्लिक करून पुढे गेलो होतो.

रविवारी मी बावन्नच्या आईला फोन केला. ती शनिवारी कामावर होती, तिला सगळं माहीत नव्हतं. मी सांगितलं की पडल्यानंतर त्याला परत आत पाठवायचा आग्रह माझा होता. शीटचंही सांगितलं. ती ओरडेल अशी माझी अपेक्षा होती, खरं तर तशी इच्छाच होती. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तू त्याला विचारलंस तेव्हा तो काय म्हणाला?"

"येस सर म्हणाला."

"तो सगळ्यांनाच येस सर म्हणतो," ती म्हणाली. "आम्हीच शिकवलंय त्याला तसं."

यावर मला काही बोलता आलं नाही. मलाही तसंच शिकवलं होतं. मोठ्यांना उलट उत्तर द्यायचं नाही, लागलं तर रडायचं नाही, आणि संधी मिळाली तर ती सोडायची नाही. चार वर्षं झाडाखाली बसलेल्या मला कुणी आत बोलावलं असतं, तर मोडक्या पायानेही मी "हो सर" म्हणून गेलो असतो. बाहेर ठेवल्यामुळे मुलाचं काय होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. आत ढकलल्यामुळे काय होऊ शकतं, हे माझ्या शीटला दिसतच नव्हतं. तिला फक्त आकडा कळत होता, आणि त्या शनिवारी मलाही.

त्या हंगामाच्या उरलेल्या मॅचेससाठी आम्ही काही गोष्टी बदलल्या. डोक्याला मार लागल्याची शंका असेल तर दहाची अट गळून पडते, हे लीगकडून लेखी घेतलं. कुठलाही कोच कुठल्याही मुलाला बाहेर काढू शकतो, आणि त्या दिवशी त्याला परत आत घ्यायचा अधिकार कुणालाच नाही. एका पालकाचं काम एवढंच, की बॉलकडे अजिबात बघायचं नाही, मुलांकडे बघायचं. आणि "बरा आहेस ना?" हा प्रश्न बंद. त्याऐवजी, आपण कुणाशी खेळतोय? कितवा क्वार्टर चालू आहे? ज्या प्रश्नाला "येस सर" हे उत्तर चालत नाही, असा प्रश्न.

शिवाय प्रॅक्टिसमध्ये पाच मिनिटं एक नवाच सराव घातला. हात वर करायचा आणि मैदानाबाहेर यायचं. कारण सांगायचं नाही. पहिल्या दिवशी मुलं नुसती हसत होती, कुणी हात वर करेना. शेवटी कोचचा मुलगाच आधी बाहेर आला.

त्या हिवाळ्यात मात्र एक प्रश्न डोक्यातून जाईना. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण आत मेंदू हलतो तो हलतोच. बोस्टन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१७ साली एनएफएलच्या १११ दिवंगत खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यांतल्या ११० मेंदूंत सीटीई हा मेंदू झिजवणारा आजार सापडला. ते मेंदू कुटुंबांनी दान केलेले होते, बऱ्याचदा त्रास दिसला म्हणूनच. त्यामुळे सगळ्या खेळाडूंचं प्रमाण त्यावरून काढता येत नाही. आमची मुलं तर नऊ-दहा वर्षांची, एनएफएलपासून लाखो मैल लांब. हे सगळं मी स्वतःला समजावलं. पण या आजाराचा संबंध एखाद्या मोठ्या मारापेक्षा वर्षानुवर्षं बसणाऱ्या छोट्या छोट्या हादऱ्यांशी जास्त असतो, हे वाचल्यावर माझी हिरवी ओळ मला वेगळीच दिसायला लागली. प्रत्येक मुलाला किमान दहा. किमान दहा कशाचे?

पुढच्या वर्षी मी फ्लॅग फुटबॉलकडे गेलो. नियम बरेचसे तेच, पण कुणाला पाडायचं नाही. कमरेला लोंबणारी पट्टी ओढली, की प्ले संपला. पाच विरुद्ध पाच. यातही मुलं एकमेकांवर आदळतात, पण आदळणं हा खेळाचा भाग नाही. कोच टॅकलमध्येच राहिला. त्याचं म्हणणं, नीट शिकवलं तर टॅकलही सुरक्षित करता येतो, आणि मुलांना पडायलाही शिकवलं पाहिजे. आम्ही अजून एकत्र जेवतो आणि अजून भांडतो. तो मूर्ख नाही, आणि मुलांवर त्याचं माझ्यापेक्षा कमी प्रेम आहे असंही नाही.

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक झाली आणि २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये नवे खेळ घेतले गेले. सांगलीहून बाबांचा मेसेज आला: "क्रिकेट आलं रे ऑलिंपिकमध्ये!" मी लिहिलं, "फ्लॅग फुटबॉलपण आलं, बाबा." त्यांनी अंगठा पाठवला. नंतर थोड्या वेळाने विचारलं, "म्हणजे तू शिकवतोस तेच का?"

बावन्न नंबरही फ्लॅगमध्ये आला होता. तोच नंबर त्याने मागून घेतला. अजूनही कधीकधी उलटीकडे पळतो, फक्त आता मी हसत नाही, बघतो. पहिल्याच मॅचमध्ये, खेळ ऐन रंगात असताना, त्याने हात वर केला आणि बाहेर आला. मी विचारलं, आपण कुणाशी खेळतोय? त्याने बरोबर सांगितलं. कितवा हाफ? दुसरा. मग बाटली उघडून पाणी प्यायला आणि बाकावर बसून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला. मग म्हणाला, "मला जरा बसायचंय."

"बस," मी म्हणालो.

त्या दिवशी त्याचे सहा प्ले झाले.