ओ

समोरच्या खोलीत टीव्हीशेजारी करवंटीएवढा एक स्पीकर बसलेला असतो. आई त्याला ‘डबा’ म्हणते. देवघरातला बल्ब लावायचं काम त्या डब्याकडे. समई आई स्वतः लावते. पण वरच्या बल्बचं बटण नव्या कपाटामागे गेलं, आणि कपाट हलवण्यापेक्षा सांगितलेलं ऐकणारा बल्ब स्वस्त पडला.

वैशाखात इंटरनेटवाला मुलगा येऊन नवा राउटर लावून गेला. जुन्याला दोन शिंगं होती, याला चार. त्याच संध्याकाळी आईनं रोजच्यासारखं फर्मावलं, तर डबा म्हणाला, देवघर प्रतिसाद देत नाही. मी त्याला नवी उपकरणं शोधायला सांगितलं. डोक्यावरचा दिवा बराच वेळ गरगरत राहिला. नवं उपकरण सापडलं नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला, त्याला कमी ऐकू येत असल्यासारखा.

यंत्रांच्या या शोधाशोधीवर मात्र माझा लोभ आहे. एका वायफायवरचं एक यंत्र दुसऱ्याला शोधतं तेव्हा बऱ्याचदा ते चक्क हाक मारतं. एसएसडीपी नावाच्या रीतीत तर त्यासाठी ठरलेला पत्ता आहे, २३९.२५५.२५५.२५०. हा कुणा एकाचा पत्ता नव्हे, हा गावचा चौक. तिथं उभं राहून ओरडायचं, ‘कोण कोण आहे रे?’, आणि किती सेकंद थांबणार तेही सांगायचं. ऐकणाऱ्यांनी तेवढ्या अवधीत ज्याला वाटेल त्या क्षणी ओ द्यायची, म्हणजे सगळे एकदम बोलून गलका होत नाही. आमच्या घराण्याला हे पंगतीत अजून जमलेलं नाही.

चार दिवस मी कारणं हुडकत होतो. पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळं वायफाय असतं. त्यावर गेलेल्याला सहसा सगळं जग दिसतं, पलीकडच्या खोलीतला दिवा तेवढा दिसत नाही. ते नव्हतं. मग लहरी पाहिल्या. आमचा बल्ब फक्त २.४ गिगाहर्ट्झचं ऐकतो, साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या लहरीचं. ५ गिगाहर्ट्झची लहर साधारण सहा सेंटिमीटरची. वेग जास्त, पण भिंती आल्या की लवकर दमते. नव्या राउटरवर दोन्ही चालू होत्या. उरला शेवटचा उपाय: बटण ठरावीक वेळा चालू-बंद करून बल्बची पाटी कोरी करायची. म्हणजे कपाट ओढणं आलं. कपाटात पितळेची भांडी, आईच्या साड्या आणि सत्यनारायणाचा चौरंग. मी रविवारवर ढकललं.

शनिवारी मावशीचा फोन आला. स्पीकरवर तिनं आईला माहेरच्या नावानं हाक मारली, आणि आतून, कुकरच्या शिट्टीवरून, आईची ‘ओ’ आली. कागदोपत्री आईचं नाव वेगळं आहे. ते लग्नात तबकातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं गेलं. गॅसचं पुस्तक, बँक, मतदार यादी, सगळीकडे तेच. त्या नावानं कुणी बोलावलं तर तिला वळायला अर्धा क्षण लागतो. मावशीच्या हाकेला तेवढाही लागला नाही.

मी फोन ठेवून राउटरकडे बघत बसलो. नवं उपकरण घरात नव्हतंच, तर डबा सापडवणार काय? बिचारा खरं तेच सांगत होता. बल्ब जुना, डब्याच्या यादीत त्याचं नावही होतं. तो देवघरात बसून जुन्या वायफायचं नाव कानावर येण्याची वाट बघत होता. आणि त्या मुलानं नव्या राउटरला कंपनीनं दिलेलं आकड्यांचं नाव तसंच ठेवलं होतं.

जुना पासवर्ड दुधाच्या हिशेबाच्या वहीत सापडला, मार्चच्या पानावर, ‘दीड लिटर जादा’च्या खाली. राउटरला जुनं नाव दिलं, जुना पासवर्ड दिला, अक्षर न् अक्षर तेच. सुरक्षेचा प्रकारही जुनाच निवडला. दोन मिनिटं गेली.

‘आई, सांगून बघ आता.’

आईचा चार दिवसांचा राग डब्यावर होता. तिनं देवघराचं नावच घेतलं नाही. ‘सगळे दिवे लाव,’ म्हणाली.

देवघर उजळलं. पाठोपाठ बाल्कनीतही उजेड पडला. दिवाळीपासून उतरवायचा राहिलेला आकाशकंदील त्याच्या प्लगसकट परत आला होता, आणि वैशाखाच्या उकाड्यात झिरमिळ्या हलवत लागला होता.

‘अरे, तो काढ आधी,’ आई म्हणाली, ‘लोक काय म्हणतील!’