परतीचा पुरावा

आमच्या कन्नड गावाच्या उत्तरेस सातमाळ्याच्या रांगेत एक घाट आहे. त्याला औट्रम घाट म्हणतात. खानदेशातील भिल्लांमध्ये वावरलेल्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे ते नाव. पण आमच्याकडची जुनी माणसे नुसते 'घाट' म्हणतात, आणि तेवढ्याने काम भागते. वर मराठवाडा, खाली खानदेश. कन्नडहून निघालेली एस.टी. तास-दीड तासात चाळीसगावला पोहोचते. वाटेत वळणे मोजावीत, माकडांकडे पाहावे, एवढेच प्रवाशाला काम.

माझ्या आईच्या लहानपणी मात्र हा घाट उतरणे म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे होते. वर निजामाचे हैदराबाद संस्थान आणि खाली इंग्रजांचा मुंबई इलाखा. वरचा रुपया 'हाली', खालचा 'कलदार'. सहा कलदार द्यावेत तेव्हा सात हाली यावेत, असा हिशेब. टपालाची तिकिटे निराळी, कचेरीची भाषा निराळी. आणि या दोहोंच्या मध्ये करोडगिरीचा नाका. करोडगिरी म्हणजे संस्थानचे जकात खाते. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्या तेथे थांबत आणि शिपाई गोणपाटे उलटीपालटी करून पाहत.

आईचे आजोळ चाळीसगावचे. दिवाळीला माझी आजी माहेरी जाई आणि परतताना भावाने घेतलेले लुगडे घेऊन येई. नवे कापड शिपायाच्या नजरेस पडू नये म्हणून ते ती एकदा नेसे, चांगले चुरगाळी आणि मग गाठोड्यात बांधी. एकदा शिपायाने दरडावून विचारले, "गाठोड्यात काय आहे?" आजी म्हणाली, "माहेर आहे." शिपायाला हसू आले आणि त्याने गाडी सोडली.

ही हकीकत मी आईच्या तोंडून अनेकदा ऐकली होती. तिचा आपल्याशी कधी काही संबंध येईल असे मात्र वाटले नव्हते.

२०२३ सालच्या आरंभी युरोपात नोकरीला असलेल्या माझ्या धाकट्या भावावर मोठी शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला; पण वर्षभर लांबचा प्रवास करू नये, असे डॉक्टरांनी बजावले. आई तेव्हा त्र्याऐंशी वर्षांची होती. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "त्याला येता येत नाही ना? मग मी जाते." पिशोरच्या बाजाराला निघावे तसे ते बोलणे होते!

बाजाराला जायला कागद लागत नाही. परदेशी जायला आधी पासपोर्ट लागतो, ज्याला सरकारी मराठीत पारपत्र म्हणतात. आणि पासपोर्टासाठी जन्मतारीख लागते. आई जन्मली तेव्हा तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, एवढेच घरात ठाऊक होते. ती शाळेत गेली नाही, त्यामुळे दाखला नाही. आधारपत्रावर तिची जन्मतारीख १ जानेवारी १९४० अशी पडली आहे. आमच्या तालुक्यातील म्हाताऱ्या माणसांची यादी काढली, तर निम्मी माणसे १ जानेवारीलाच जन्मली असावीत असे वाटेल. उरलेली १ जूनला; कारण शाळा जूनमध्ये उघडे आणि मास्तर मुलाचे वय अंदाजाने ठरवून तीच तारीख लिहून टाकीत. मी स्वतः जन्मभर मास्तरकी केली. आरंभीच्या काळात हे पाप माझ्या हातूनही घडले आहे. ज्या पोरांना मी असे जूनमध्ये जन्मास घातले, त्यांतले काही आज मला रस्त्यात भेटतात आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचा स्वीकार हसत हसत करतात.

आईच्या बाबतीत तुरीच्या शेंगा आणि जानेवारी यांचा मेळ बसत होता, म्हणून मी समाधान मानले. पण नावाचा घोळ निघाला. सातबाराच्या उताऱ्यावर नावापुढे 'बाई' होते, आधारपत्रावर नव्हते. मतदार यादीत पहिले अक्षर ऱ्हस्व, बँकेच्या पुस्तकात दीर्घ. मग प्रतिज्ञापत्र झाले, पोलीस चौकशी झाली. चौकशीला आलेल्या हवालदाराने आईला विचारले, "आजी, कुठं जायचं?" ती म्हणाली, "लेकाकडं." त्याला ते उत्तर पुरले.

पासपोर्ट टपालाने आला. ती निळी पुस्तिका आईने आधी देवापुढे ठेवली आणि मग मला म्हणाली, "वाच, काय लिहिलं आहे?" आतल्या पानावर आपल्या राष्ट्रपतींच्या नावाने साऱ्या जगाला उद्देशून लिहिलेले असते, की या व्यक्तीला अडथळ्यावाचून जाऊ द्यावे आणि गरज पडेल ते साहाय्य व संरक्षण द्यावे. मी अर्थ सांगितला. आई म्हणाली, "एवढ्या मोठ्या माणसानं शब्द टाकल्यावर अडवील कोण?"

मला हसू आले, पण तिचे चुकले कोठे हेही समजावून सांगणे आले. पासपोर्ट हे आपल्या सरकारचे पत्र होय. व्हिसा हे त्या पत्राला परक्या सरकारने दिलेले उत्तर. पत्र मिळवण्यावर नागरिकाचा हक्क सांगता येतो. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला आणि त्याच वर्षी पारपत्रांचा कायदा झाला. तत्पूर्वी पासपोर्ट द्यावा की न द्यावा, हे सरकारच्या मर्जीवर असे. पण उत्तर काय यावे, यावर कोणाचाही हक्क चालत नाही. ज्याचे घर, त्याचा उंबरठा.

ही रीत काही आजची नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचे वर्णन आहे. एक माष घेऊन तो मुद्रा देई. ती जवळ असलेल्यालाच जनपदात येण्या-जाण्याची मोकळीक. मुद्रेवाचून कोणी सापडला तर बारा पण दंड. आमच्या कन्नडजवळ पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथील लेखांत पैठणच्या एका गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या कुळातील पुरुषाचे, दान नोंदलेले आहे. मुलांची सहल घेऊन मी तेथे जाई तेव्हा मनात येई, की दोन हजार वर्षांपूर्वी अत्तराचे कुपे घेऊन निघालेल्या त्या माणसांनाही वाटेत कोणी थांबवून विचारले असेल, 'गाठोड्यात काय आहे?'

व्हिसाच्या अर्जाला काय काय लागते, ते मी एका वहीत उतरून घेतले होते. पासपोर्टाची मुदत परतीच्या दिवसानंतर निदान तीन महिने शिल्लक हवी आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. आजारपणाच्या खर्चासाठी तीस हजार युरोंचा विमा हवा. छायाचित्र पस्तीस मिलिमीटर रुंद आणि पंचेचाळीस उंच. भावाचे निमंत्रण, राहण्याची सोय, खर्चाची तरतूद. हे सारे पैशाने आणि पायपिटीने जमते. जमवायला अवघड ती एकच गोष्ट होती. अर्जदार ठरल्या दिवशी आपल्या देशी परत येईल याचा पुरावा.

अर्ज द्यायला मुंबईस जावे लागले. घाट उतरून आम्ही चाळीसगावला आगगाडीत बसलो. कचेरीत दहाही बोटांचे ठसे घेतात. काचेवर बोटे टेकायची, दिवा लागला की झाले. आईची बोटे काचेवर टेकली आणि दिवा लागेना. साठ वर्षे खुरपे, कापसाची बोंडे आणि चुलीची राख यांनी तिच्या बोटांवरच्या रेषा जवळजवळ पुसून टाकल्या होत्या. तेथल्या मुलीने ओल्या रुमालाने तिची बोटे पुसली, हलकेच दाबून धरली. चौथ्या खेपेस दिवा लागला. आई ओशाळून म्हणाली, "बाई, माझ्या हातात काही राहिलं नाही." त्या मुलीने मान खाली घातली आणि पुढचे कागद चाळू लागली.

अठराव्या दिवशी पाकीट आले. व्हिसा नाकारला होता. नकाराचा एक ठरीव नमुना असतो. त्यात कारणे आधीच छापलेली असतात आणि लागू असेल त्या कारणापुढे खूण करतात. आईच्या कागदावर ज्या कारणापुढे खूण होती त्याचा मथितार्थ असा, की मुदत संपण्यापूर्वी देश सोडण्याच्या अर्जदाराच्या इराद्याबद्दल वाजवी शंका आहे. अर्जाचे शुल्कही परत मिळत नाही, पण त्याचे दुःख नव्हते.

आईला काय सांगावे? मी चाचरत चाचरत सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, "मी परत येणार नाही, असं त्यांना कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, आई. त्यांना तसं वाटलं."

"अरे, आम्ही तर अठ्ठेचाळीस सालीसुद्धा परत आलो होतो!"

मग तिने जे सांगितले, ते मी पूर्वी तुकड्यातुकड्यांनीच ऐकले होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नाही. खाली चाळीसगावात तिरंगा आणि वर कन्नडात निजामाचा अंमल. रझाकारांच्या धाकाने सरहद्दीवरची कित्येक कुटुंबे खानदेशात, नगराकडे, वऱ्हाडात निघून गेली; मनमाड, सोलापूर अशा ठिकाणी लढ्याच्या छावण्या पडल्या. आई तेव्हा आठ वर्षांची. एका रात्री आजीने मुलांना घेऊन घाटाची सडक टाळली आणि ती पायवाटेने खाली उतरली. नाका चुकवला. गाय नेता येणे शक्य नव्हते. ती शेजारच्या मुसलमान बाईंच्या दावणीला बांधली आणि घराची किल्लीही त्यांच्याच हाती दिली. चाळीसगावात मामाने सांगितले, आता येथेच राहा, तिकडे काय उरले आहे? आजीने ऐकले नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली आणि दसऱ्याच्या आत आजी मुलांसह घाट चढून घरी आली. गाय व्याली होती. शेजारीणबाईंनी किल्ली दिली, आणि आतापर्यंतच्या दुधाचा हिशेब सांगू लागल्या.

"तेव्हा परत येऊ नका म्हणायला सगळी होती," आई म्हणाली, "तरी आलो. आता कशाला राहीन मी तिकडं?"

याहून भक्कम पुरावा कोणता असू शकेल? पण तो कोणत्याही कागदावर नव्हता. आणि परक्या माणसाने तो का मानावा, असाही विचार माझ्या मनात आला. मुदत संपल्यावर मागे राहणारी माणसे असतात, हे खोटे नाही. टेबलापलीकडच्या माणसाला आईचा चेहरा दिसत नव्हता, नुसते वय, वैधव्य आणि परदेशातला मुलगा एवढेच दिसत होते. त्याचा संशय मला समजत होता. तरीही तो आईवर घेतला गेला, याची टोचणी जात नव्हती.

आम्ही दुसऱ्यांदा अर्ज केला. बोटांचे ठसे एकदा दिले म्हणजे जवळजवळ पाच वर्षे चालतात, त्यामुळे आईला पुन्हा मुंबईस नेण्याची गरज पडली नाही. मी एकटाच गेलो. या वेळी सातबाराचा इंग्रजी तर्जुमा जोडला, कन्नडात राहणाऱ्या मुला-नातवंडांची यादी जोडली, भावाच्या डॉक्टरांचे पत्र जोडले. सोबतच्या अर्जात अठ्ठेचाळीस सालची हकीकत दोन वाक्यांत लिहिली. ती कोणी वाचली की नाही, कोण जाणे. पण व्हिसा मिळाला. तीस दिवसांचा, एकाच प्रवेशाचा.

सप्टेंबरात मायलेकांची भेट झाली. त्याविषयी मी येथे लिहीत नाही.

भाऊ हिंडू-फिरू लागल्यावर एका रविवारी त्याच्या बायकोने आम्हांला मोटारीने मोझेल नदीच्या काठी नेले. दोन्ही तीरांवर द्राक्षांचे मळे, मध्ये नदी. पलीकडे शेंगेन नावाचे लहानसे खेडे, लक्झेंबर्ग देशाच्या टोकाला, जेथे तीन देशांच्या सीमा मिळतात तेथे. १४ जून १९८५ रोजी पाच देशांच्या प्रतिनिधींनी येथे नदीतल्या एका जहाजावर करार केला, की आपापसातल्या सीमांवरील तपासणी हळूहळू उठवावी. आज त्या व्यवस्थेत २९ देश आहेत. कधीमधी एखादा देश काही काळ पुन्हा तपासणी सुरू करतो; पण एरवी एकाच व्हिसावर माणूस त्या सगळ्यांत फिरू शकतो. आईच्या पासपोर्टातला कागदही याच खेड्याच्या नावाने ओळखला जातो.

आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पिशवीत पासपोर्ट, विम्याचा कागद, परतीचे तिकीट, आणि मी नको म्हणत असताना घेतलेला सातबारा. दुसऱ्या देशात जायचे आहे, एवढे तिला ठाऊक होते. पूल मागे पडला, मोटार द्राक्षमळ्यांच्या कडेने जाऊ लागली, तेव्हा तिने विचारले, "नाका कधी येणार?"

सून म्हणाली, "नाका नाहीच, आई. आपण केव्हाच पलीकडं आलो."

आईने वळून मागे पाहिले. पुलावरून एक म्हातारा सायकल हाकीत येत होता. त्याच्या मागे टोपली बांधलेली होती. त्याला कोणी अडवले नाही. तो दिसेनासा होईपर्यंत ती पाहत राहिली. पिशवी मात्र तिने खाली ठेवली नाही.

सव्विसाव्या दिवशी आम्ही निघालो. मुंबईहून चाळीसगाव, आणि तेथून जीपने घाट. रात्र झाली होती. माथ्यावर गार वारा लागला तशी आई जागी झाली आणि म्हणाली, "त्या साहेबाला एक पत्र टाक."

"कोणत्या साहेबाला?"

"ज्यानं खूण केली होती त्याला. लिही, की मी परत आले."

दुसऱ्या दिवशी मी ते पत्र लिहिले आणि कन्नडच्या टपाल कचेरीत जाऊन टाकले.