बंद पाकिटातली पत्रे

नांदगाव पेठहून अमरावतीला महाविद्यालयात जाताना एसटीत मी राल्फ एलिसन यांची 'इन्व्हिजिबल मॅन' (१९५२) वाचली. तिचा कृष्णवर्णीय नायक शिष्यवृत्तीवर शिकायला येतो, आणि एका गोऱ्या विश्वस्ताला नको ते दाखवले म्हणून काढला जातो. काढणारे प्राचार्यही कृष्णवर्णीयच! ते त्याला शिफारसपत्रे म्हणून बंद पाकिटे देतात. न्यूयॉर्कमध्ये तो ती दारोदार स्वतः पोचवतो. आतला मजकूर मात्र असा, की याला आम्ही परत घेणार नाही, आशेवर झुलवत ठेवा.

वाचताना सारखी 'कोसला' (१९६३) आठवत होती. भालचंद्र नेमाडे यांचा पांडुरंग सांगवीकर पुण्यातले शिक्षण अर्धवट टाकून गावी परततो. कादंबरी मला आजही प्रिय आहे. पण त्याला परतायला वडिलांचे भरले घर होते, हे तोवर ध्यानातच आले नव्हते. घरातून पहिल्यांदा महाविद्यालयात गेलेल्या मला नापास होणे परवडणारे नव्हते.

या दोन जगांची गाठ मराठीत पूर्वीच पडली होती. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातले डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत पीएच.डी. करून परतले आणि त्यांनी कृष्णवर्णीयांचे साहित्य दलित लेखकांपुढे ठेवले. १९७२ साली 'दलित पँथर'ने तर नावच अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'वरून घेतले. पदवीच्या तीन वर्षांत वर्गात वानखेडे यांचे नाव मी एकदाही ऐकले नाही.

सध्या अशी मराठी कादंबरी शोधते आहे, जिच्यात शिष्यवृत्तीचे कागद घेऊन एखादी मुलगी एसटीच्या थांब्यावर उभी आहे. ठाऊक असेल तर कळवा.