वर्गणी कोणाची, कथा कोणाची?

गोव्याच्या माणसाला वर्गणी म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. जत्रेचे नाटक म्हणा, शिगमा म्हणा, सार्वजनिक गणपती म्हणा, पावतीपुस्तक आधी आणि बाकी सगळे नंतर. याच वर्गणीला इंटरनेटच्या जमान्यात 'क्राउडफंडिंग' असे भारदस्त नाव मिळाले. पण दुसऱ्याच्या कथेवर आपण वर्गणी काढली, तर ती कोणाच्या जिवावर जमली? अमेरिकेत हा प्रश्न थेट न्यायालयात गेला. तो खटला आपल्या नाटकवाल्यांनी माहीत करून घ्यावा असे मला वाटते, म्हणून हा प्रपंच.

'स्टार ट्रेक' ही अंतराळयानाची मालिका १९६६ साली अमेरिकन टीव्हीवर सुरू झाली. दोन वर्षांतच ती बंद पडणार अशी चिन्हे दिसताच चाहत्यांनी वाहिनीवर पत्रांचा पाऊस पाडला आणि तिला तिसरे वर्ष मिळाले. १९६९ मध्ये ती थांबली, चाहते थांबले नाहीत. पुढे तर त्यांनी स्वतः कपडे शिवून, यानाचे सेट उभारून आपापले भाग चित्रित केले. हक्क ज्यांचे होते त्या कंपन्या काणाडोळा करीत. खेळा, पण धंदा करू नका, असा तो अलिखित करार होता.

ॲलेक पीटर्स नावाच्या चाहत्याने २०१४ साली 'प्रील्यूड टू ॲक्झनार' हा एकवीस मिनिटांचा चित्रपट काढला. मूळ मालिकेतल्या एका भागात ॲक्झनारच्या लढाईचा नुसता उल्लेख होता, त्यावर ही कथा रचलेली. नावाजलेले नट, सफाईदार यानयुद्ध. लोक खूश झाले. मग पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी वर्गणी निघाली आणि दहा लाख डॉलरहून अधिक जमले. त्यातला काही पैसा एक गोदाम घेऊन त्याचा स्टुडिओ करण्यात गेला. २९ डिसेंबर २०१५ रोजी पॅरामाउंट आणि सीबीएस या कंपन्यांनी दावा ठोकला.

दाव्यातली एक गंमत आम्हा गोवेकरांना विशेष कळेल. आपले काय काय चोरले याच्या यादीत कंपन्यांनी 'क्लिंगॉन' भाषाही घातली होती. ही भाषा मार्क ओक्रँड या भाषातज्ज्ञाने १९८४ च्या चित्रपटासाठी रचली, आणि पुढे लोक ती हौसेने शिकले, बोलू लागले. लोक बोलतात ती भाषा एका कंपनीची कशी, असे म्हणत कृत्रिम भाषांच्या अभ्यासकांची एक संस्था न्यायालयात आली. भाषेच्या मालकीवरून भांडायला अमेरिकेतही माणसे निघतात, हे वाचून मला जरा बरे वाटले!

३ जानेवारी २०१७ रोजी न्यायाधीश क्लॉसनर यांनी 'फेअर यूज' हा बचाव पीटर्स यांना मिळणार नाही असे ठरवले. चित्रपट फुकट दाखवणार, मग धंदा कुठला, हा युक्तिवाद टिकला नाही. मूळ कथेच्या लोकप्रियतेवर वर्गणी जमली आणि परवान्याचा पैसा मात्र भरला नाही, हाही लाभच, असे न्यायालयाने धरले. ज्यूरीसमोर सुनावणी होण्याआधीच २० जानेवारीला तडजोड झाली. आपण मर्यादा ओलांडली हे पीटर्स यांनी मान्य केले. पूर्ण लांबीच्या चित्रपटाऐवजी पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोनच भागांची मुभा राहिली. वर्गणीदारांनी मात्र पूर्ण चित्रपटासाठी पैसे दिले होते. त्या भांडणात त्यांची बाजू मांडणारे कोणीच नव्हते.

दरम्यान जून २०१६ मध्ये कंपन्यांनी सर्वच चाहत्यांसाठी नियम काढले होते. एक कथा पंधरा मिनिटांची, फार तर दोन भाग. वर्गणी पन्नास हजार डॉलरपर्यंत. काम करणारे सगळे हौशी आणि बिनपगारी. 'स्टार ट्रेक कंटिन्यूज' नावाची चाहत्यांचीच एक मालिका तेव्हा चालू होती. तिच्यावर कोणी दावा केला नव्हता, तरी तिला आपला बेत आखडता घेऊन अकरा भागांवर थांबावे लागले. सरकारी कचेरीत वीसेक वर्षे काढल्यामुळे मला हे चांगले ओळखीचे आहे. एकाच्या बिलावर आक्षेप येतो आणि परिपत्रक मात्र सगळ्यांसाठी निघते.

आता आपल्याकडे वळू. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे. हौशी मंडळाने नाट्यप्रयोग केला आणि प्रेक्षकांकडून तिकीट घेतले नाही, किंवा प्रयोग धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असला, तर तो हक्कभंग नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी आमची जत्राच पाहिली होती की काय, असे वाटावे! मात्र ही सूट प्रयोगाला आहे. त्याच नाटकाचे चित्रण करून कोणी इंटरनेटवर टाकले, तर ते या सुटीत बसत नाही. आजकाल प्रत्येक मांडवात दहा मोबाइल उभे असतात, तेव्हा हे ध्यानात असावे.

अमेरिकन कंपन्यांची 'सगळे बिनपगारी' ही अट मात्र मला पटत नाही. आमच्या वाड्यावरच्या नाटकात स्त्री-भूमिकेला मानधन देऊन नटी आणतात, ऑर्गन-तबलावाल्याला पैसे देतात, पडदेवाला फुकट येत नाही. म्हणून नाटक हौशी राहत नाही का? खरा प्रश्न शिल्लक पैशाचा. एका वर्षी मी खजिनदार होतो. नाटक रंगले, थोडी रक्कम उरली. मंडळातल्या एकाने सुचवले, यातून लाउडस्पीकर घेऊ, लग्नाकार्याला भाड्याने देऊ, मीच सांभाळीन. बैठकीत एक म्हातारे काका उठले आणि म्हणाले, "बाबा, लोकांनी पैसे देवाच्या नाटकाला दिले, तुझ्या दुकानाला नव्हे." रक्कम पुढच्या वर्षाच्या खात्यावर गेली. पीटर्स यांच्या स्टुडिओविषयी वाचताना मला ते काका आठवले.

आणि वर्गणीतून निर्वेध चित्रपट होतच नाही असे थोडेच आहे? श्याम बेनेगलांचा १९७६ चा 'मंथन' गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. तिथे पैसाही त्यांचा आणि कथाही त्यांच्याच गावांची होती.

प्रत्येक मंडळाला स्वतःची कथा लिहिणे जमणार नाही, आणि दुसऱ्याची कथा आवडणे हा काही गुन्हा नव्हे. फक्त पावतीपुस्तक छापताना दोन ओळी जास्त छापाव्यात: नाटक कोणाचे आणि त्याची परवानगी घेतली आहे का, आणि पैसे उरले तर कुठे जातील. छपाईचा खर्च तेवढ्याने वाढत नाही.