पांढरे चौकोन

गेल्या नाताळापूर्वी माळा आवरताना एक जुनी शंभरपानी वही हाती आली. तिच्यावर नाव नाही, विषय नाही. मी ते मुद्दामच लिहिले नव्हते. आत तांबड्या व हिरव्या पेन्सिलीने भरलेले चौकोन, मधूनच काही पांढरे सोडलेले, आणि त्या पांढऱ्या चौकोनांत मी काढलेले बाळाचे वेडेवाकडे तोंड. १९९४ च्या फेब्रुवारीपासून १९९६ च्या जूनपर्यंतचे माझे दिवस त्या वहीत आहेत.

आमचे लग्न १९९१ मध्ये झाले. आमच्या वसईत लग्नाला वर्ष सरले की विचारणा सुरू होते. कुणी तोंडाने विचारते, कुणी पोटाकडे पाहून. सासूबाईंनी मात्र कधी शब्द काढला नाही. त्या पहाटेच्या गाडीने फुलांची पाटी घेऊन दादरला जात आणि बुधवारी बाजार आटोपला की माहीमच्या नोव्हेनाला थांबून मगच घरी येत. सप्टेंबरच्या जत्रेत त्यांनी बांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचे बाळ वाहिले, हे मला शेजारणीकडून कळले. त्या रात्री मी रडले. रागाने की मायेने, ते आजही सांगता येणार नाही.

लग्नापूर्वीच्या शिबिरात नैसर्गिक कुटुंबनियोजनावर तासभर व्याख्यान झाले होते. पोप सहावे पॉल यांचे १९६८ चे परिपत्रक, संयम, जबाबदार पालकत्व हे सारे ऐकले. परंतु ज्या खुणांनी अपत्यजन्म लांबविता येतो, त्याच खुणांनी तो जवळही आणता येतो, हे कुणी सांगितल्याचे आठवत नाही. कदाचित सांगितलेही असेल. अशा तासाला तरुण मुले-मुली मान खाली घालूनच बसतात.

आम्ही एका पुस्तकात वाचून चौदावा दिवस धरून बसलो होतो. ह्यांची कारखान्यात रात्रपाळी असे. त्या एका दिवसासाठी ते रजा मागून घेत. तीन वर्षे असे चालले. अखेर शेजारच्या धर्मग्रामात दवाखाना पाहणाऱ्या एका वृद्ध धर्मभगिनींकडे मी गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “बाय, तुझी पाळी किती दिवसांनी येते?”

“पस्तीस दिवसांनी, सिस्टर. कधी छत्तीस.”

“मग चौदावा दिवस तुझा कसा?”

त्यांनी समजावून सांगितले, ते असे. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढील पाळीपर्यंतचा काळ साधारण दोन आठवड्यांचा असतो आणि तो फारसा बदलत नाही. लांबतो-आखडतो तो त्याच्या आधीचा काळ. अठ्ठावीस दिवसांची पाळी असणारीला चौदावा दिवस ठीक; माझा दिवस विसाव्या-बाविसाव्याच्या आसपास येत होता. म्हणजे तीन वर्षे आम्ही दारावर आठवडाभर आधी जाऊन परतत होतो. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेले गणित दिनदर्शिकेचे होते. मेलबर्नचे डॉ. जॉन बिलिंग्ज १९५३ पासून या कामाला लागले आणि पुढे त्यांच्या पत्नी डॉ. एव्हलिन यांनीही ते हाती घेतले. त्यांनी दिनदर्शिकेऐवजी स्त्रीच्या स्वतःच्या निरीक्षणावर भर दिला. पाळीचे दिवस तांबडे, कोरडे दिवस हिरवे, आणि स्राव ओलसर, निसरडा, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा ताणला जाणारा झाला की पांढरे. स्त्रीबीज जगते जेमतेम बारा ते चोवीस तास. शुक्रजंतू मात्र या स्रावाच्या आधाराने पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून दिवस एक नसतो, सहाएक असतात.

दुसरे सिस्टरांनी ह्यांना बोलावून सांगितले. अपत्य न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचे कारणही असते, तेव्हा तपासणी दोघांची व्हावी. आणि शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, तेव्हा विडी आज सोडली तर गुण दिसायला वेळ द्यावा. हे घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. विडीचा कट्टा मात्र विहिरीपाशी पडलेला मी दुसऱ्या दिवशी पाहिला.

१९९५ च्या मे महिन्यात दिवस राहिले. जुलैत, नवव्या आठवड्यात, गेले.

मी फुलांची पाटी उचलली होती. पुढे कितीतरी महिने मी ती पाटीच उचलीत राहिले. बहुतेक असे गर्भ मुळात गुणसूत्रांची जुळणी चुकल्यामुळे टिकत नाहीत, आईच्या कामाधामाने नव्हे, हे मला एका डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितले. ते त्याच आठवड्यात कुणी सांगितले असते, तर बरे झाले असते. त्याच बाईंनी माझे रक्त तपासले. हिमोग्लोबिन साडेआठ होते. पाटी वाहणाऱ्या, सर्वांत शेवटी जेवणाऱ्या आमच्या घरांतील बायकांना त्याचे नवल वाटू नये. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि फॉलिक ॲसिडच्याही. मुलाच्या पाठीचा कणा व मेंदू ज्या नळीपासून बनतात, ती गर्भाच्या चौथ्या आठवड्यातच मिटते, बाईला दिवस गेल्याची जेमतेम शंका येते तेव्हा. म्हणून ही गोळी निदान महिनाभर आधीपासून घ्यायची. रोज चारशे मायक्रोग्रॅम, हा सल्ला आजही तोच आहे.

मुलगी १९९७ च्या मार्चमध्ये झाली. सासूबाई पुन्हा मोतमाउलीला गेल्या, या वेळी मला सांगून.

ती मुलगी आता लग्न होऊन नालासोपाऱ्याला असते. तिच्या मोबाईलवर पाळीची नोंद ठेवण्याची सोय आहे. ती मागच्या तारखांवरून पुढचा दिवस वर्तविते, म्हणजे बऱ्याच अंशी ओगिनोंचेच गणित. तिची पाळी माझ्यासारखीच लांब. मी वही तिच्यापुढे ठेवली. पाने उलटता उलटता ती १९९५ च्या जुलैपाशी थांबली. तेथून ऑक्टोबरपर्यंत एकही चौकोन रंगविलेला नाही, पांढराही नाही.

“आई, ही पाने अशीच का सोडलीस?”

ही गोष्ट मी तिला त्या दिवसापूर्वी कधीच सांगितली नव्हती. तेव्हा सांगितली. हे शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचीत होते. बराच वेळ त्यांनी पान उलटल्याचे ऐकू आले नाही.