बुटक्या आसनाची गाडी

मोटरसायकलींत 'क्रूझर' म्हणून एक जात आहे : आसन बुटकें, हँडल मागें ओढलेलें, पाय पुढें पसरलेले. ही बैठक अमेरिकेच्या लांबलचक, सरळ रस्त्यांसाठीं जन्मली. ती आपल्या खड्ड्यांत कशी रुजली, याचें आम्हांस नवल वाटतें.

पुण्याच्या बजाज कंपनीनें २००१ सालीं जपानच्या कावासाकीची 'एलिमिनेटर' आणिली. ती महाग पडली. पुढें २००५ सालीं सांगाडा तोच ठेवून आंत आपल्याच 'पल्सर'चें १८० सी.सी.चें एंजिन बसविलें, आणि 'ॲव्हेंजर' निघाली. यास कोणी उसनवारी म्हणेल. आम्ही काटकसर म्हणतों. हार्ले-डेव्हिडसननेंही हरियाणांत बावल येथें 'स्ट्रीट' नांवाची त्यांच्या मतें स्वस्त क्रूझर बांधली. पण २०२० सालीं तो कारखाना बंद करण्याचें जाहीर झालें. त्यांची स्वस्ताई आम्हां मध्यम स्थितींतील लोकांस पेलणारी नव्हतीच.

आमच्या घरीं ॲव्हेंजर आली ती ऐटीसाठीं नव्हे. आजीचे गुडघे धरलेले. उंच गाडीवर तिला चढवेना, आणि दर आठवड्यास दवाखान्याचें रिक्षाभाडें परवडेना. हिचें मागलें आसनही ठेंगणें, शिवाय पाठीस टेकू. आजी कोणाचा हात न धरतां बसूं लागली. जाहिरातींत मात्र नेहमीं एकटा तरुण आणि मोकळा रस्ता!

उणीवही आहे. पाय पुढें असल्यामुळें खड्डा आला तरी चालविणाऱ्यास अंग उचलतां येत नाहीं. दणका थेट कण्यांत उतरतो. वडील म्हणून जपून चालवीत. आजीची तक्रार एवढीच, कीं सायकलवालेसुद्धां पुढें जातात.